धुऱ्यावरची बाभूळ आणि बाजारातली मशीन



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांवरच लिहावे अशी आपली रीत आहे. पण गेल्या दोन हंगामांत काटोल भागातल्या गावांमधून फिरताना उसाच्या खालोखाल मला जो प्रश्न विचारला गेला तो असा : "साहेब, लाकूड कापायची मशीन कोणती घेऊ?" प्रश्न विनाकारण नाही. धुऱ्यावरच्या बाभळीची सावली जिथवर पडते तिथवर उसाला फुटवा येत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल, नरखेड, वरूड पट्ट्यात संत्र्याच्या बागाच्या बागा पाण्यावाचून वाळल्या, त्यांतली कित्येक खोडे अजून वावरात उभी आहेत. आणि दिवसभर कुऱ्हाड चालवणारा गडी आता कोणत्या गावात राहिला आहे? तेव्हा मशीन हवी हे मला मान्य आहे. वाद आहे तो कोणती आणि कोणाची, एवढाच.

माझे मत आधीच सांगून टाकतो. बाभूळ, साग, अंजन असल्या कठीण लाकडासाठी मशीन घ्यायची तर धंदेवाईक दर्जाचीच घ्यावी, आणि ती एकट्याने घेऊ नये.

आज गावोगाव दिसतात त्या पाच-सात हजारांच्या बिननावाच्या मशिनी. कोणी बाजारातून आणली, कोणी मोबाईलवरून मागवली. अंगावर मोठ्या अक्षरांत '५८ सी.सी.' लिहिलेले असते आणि आपला माणूस तेवढे वाचून खूश होतो. मोटारसायकलीची सवय! पण सी.सी. म्हणजे सिलिंडरचे आकारमान, ताकद नव्हे. ताकद किलोवॅटमध्ये लिहिलेली असते, ती वाचा. जर्मनीच्या स्टिल कंपनीची एम.एस. ३६२ ही धंदेवाईक मशीन ५९ सी.सी.ची आहे आणि ती सुमारे साडेतीन किलोवॅट ताकद देते. त्याच कंपनीची शेतकामाची एम.एस. २५० ही मशीन ४५ सी.सी.ची, ताकद २.३ किलोवॅट. आता बाजारातल्या ५८ सी.सी.वाल्या मशिनीचा डबा उलटा करून पाहा. बहुधा सव्वादोन-अडीचच्या घरातला आकडा सापडेल. म्हणजे नाव मोठ्या मशिनीचे आणि काम लहान मशिनीचे, वजन मात्र मोठीचे. ते दिवसभर हातांनीच तोलायचे असते.

कठीण लाकूड म्हणजे काय हे आपल्या सुतारांना शिकवायची गरज नाही. बंडीची चाके आणि वखराची खोडे बाभळीची का करत, ते त्यांना विचारा. वाळलेली बाभूळ सागापेक्षा जड आणि चिवट. अंजनाचे लाकूड तर पाण्यात टाकले की बुडते. साग तुलनेने मऊ, पण त्याच्या पोटात वाळूसारखी सिलिका असते, ती चेनची धार खाऊन टाकते. कोंढाळीकडच्या सागाच्या कामात चेन लवकर बोथट होते ती याच कारणाने, दुकानदाराने फसवले म्हणून नव्हे. आणि एक साधी गोष्ट : बाभूळ ओली असताना कापा, मग वाळू द्या. वाळलेल्या बाभळीवर मशीन घालणे म्हणजे दुप्पट पेट्रोल आणि दुप्पट कानस.

संत्र्याचे लाकूडही घट्ट असते, परंतु खोड बारीक. बागेतली वाळलेली झाडे काढायला आणि छाटणीला ३५ ते ४५ सी.सी.ची चांगल्या कंपनीची मशीन पुरे. बाभळीच्या आणि सागाच्या बुंध्याला ६० ते ७० सी.सी.चा वर्ग लागतो. स्टिलची एम.एस. ३८२ ही ७२ सी.सी.ची आणि ३.९ किलोवॅटची, ती आपल्याकडे ठेकेदारांच्या हाती दिसते. स्वीडनच्या हुस्क्वर्ना कंपनीच्याही या वर्गात चांगल्या मशिनी आहेत. मी कोणाचा एजंट नाही. नागपुरात ज्या कंपनीचा सुटा भाग आणि मिस्त्री मिळेल ती घ्या, रंग कोणताही असो.

पट्टी किती लांब घ्यावी यावर बांधावर बसून फार वाद होतात. झाडाचा घेर आपण दोरीने मोजतोच, त्याला ढोबळमानाने तीनने भागले की जाडी निघते. पाच फूट घेराची बाभूळ म्हणजे एकोणीस-वीस इंच जाडीचा बुंधा. तेवढ्यासाठी १८ किंवा २० इंची पट्टी भरपूर झाली, कारण जाणता माणूस दोन्ही बाजूंनी कापतो. उगाच लांब पट्टी चढवली तर तिची चेन ओढण्यातच इंजिनाची ताकद जाते.

मशिनीची किंमत ही इंजिनाइतकीच तिच्या सुरक्षेची असते, आणि ही गोष्ट मी जरा विस्ताराने लिहिणार आहे. पूर्ण वेगात चेन सेकंदाला वीसेक मीटर धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट कापणाऱ्याच्या तोंडाकडे येते. डोळ्याची पापणी लवायच्या आत येते, माणूस कितीही ताकदवान असो. अशा वेळी वाचवतो तो चेनब्रेक. पुढच्या मुठीसमोर जो आडवा पंजा असतो, तो मनगटाचा धक्का लागून किंवा झटक्याने आपोआप पुढे पडतो आणि चेन जागच्या जागी थांबते. सत्तरच्या दशकात ही सोय मशिनींवर आली. स्वस्त मशिनींवरही पंजा असतो, पण तो पडल्यावर चेन थांबते का, हे दुकानातच चालू मशिनीवर पाहून घ्या. गेल्या हंगामात एका गावात बाभूळ तोडणाऱ्या मजुराच्या खांद्याला नऊ टाके पडले. मशीन पाहिली तर पंजा काढून ठेवलेला होता. "मधे मधे येतो" म्हणून. त्या माणसाचे दोन महिने घरी बसून गेले, आणि त्या दोन महिन्यांचे त्याला कोणी काही दिले नाही.

दुसरे, हाताला बसणारे हादरे. चांगल्या मशिनीत इंजिन आणि मुठी यांच्यामध्ये स्प्रिंगा किंवा रबर असतात. ते नसतील तर वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची बोटे पांढरी पडून बधिर होतात, आणि तो आजार पुरता बरा होत नाही. तिसरे, आवाज. कानाला मफ हवेतच. जाड बूट, डोळ्यांपुढे जाळी आणि मांडीचे रक्षण करणारी खास विजार हवी, जिच्यातले धागे चेनमध्ये गुंतून ती थांबवतात. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती कोण घालणार, असे विचाराल. मग तोडणी थंडीत करा, सकाळी करा. वैशाखात बाभूळ पाडण्याची घाई कोणालाच नसते. गळ्यातला दुपट्टा मात्र काढून झाडाला बांधून ठेवा, ही अट मी कोणालाही सोडणार नाही.

धार लावण्याबद्दल एक गंमत सांगतो. आजच्या चेनच्या दात्याचा आकार अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने बसवला. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी डावीकडे-उजवीकडे कशी कुरतडते हे पाहून त्याला ती युक्ती सुचली, आणि १९४७ साली ती चेन बाजारात आली. खोडकिडीला आपण जन्मभर शिव्या देतो, तिच्याच जातभाईने हे शिकवले! त्या दात्याचा कोपरा कापतो, म्हणून कोपराच धारदार हवा. तीन-अष्टमांश पिचच्या चेनला ५.२ मिलिमीटरची गोल कानस लागते. पेट्रोलची टाकी भरताना प्रत्येक दात्यावर दोन-तीन हात मारावेत. मशीन लाकडाचा किस सोडायच्या ऐवजी पिठासारखा भुसा सोडू लागली की समजा, धार गेली. त्यावर जोराने दाबणे हा उपाय नव्हे. आणि धुऱ्यावरच्या झाडाला हात लावण्याआधी बुंध्यात जुनी काटेरी तार किंवा खिळा गेला आहे का ते पाहा. आपल्या आजोबांनी झाडालाच तार बांधून कुंपण केले, झाडाने ती गिळली. नव्या चेनची माती व्हायला तेवढे पुरते.

इंधनाचीही एक बाब आहे आणि ती आपल्या धंद्याशी निगडित आहे. २०२५ पासून देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते. ते आपल्या उसाचेही आहे, त्याचा आनंद आहेच. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि कॅनमध्ये महिनाभर पडलेले मिश्रण मशिनीचा कार्बोरेटर बिघडवते. बऱ्याच मशिनींच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले आहे, म्हणून घेण्यापूर्वी हे विचारा. लिटरला वीस मिलिलिटर कंपनीचे टू-स्ट्रोक ऑइल, मिश्रण आठवड्यापुरते, आणि काम संपले की टाकी रिकामी. चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचे जळके ऑइल ओतणारे बहाद्दर आहेत. त्यातला बारीक धातूचा चुरा ऑइलपंप खातो, आणि ते तेल अंगावर उडते ते वेगळेच.

आता तुम्ही म्हणाल, एवढे सगळे कोण करणार? म्हणूनच एकट्याने घेऊ नका म्हणतो. साधारण सभासदाला वर्षात पाच-सहा दिवसांचे काम. तेवढ्यासाठी चांगली मशीन परवडत नाही, म्हणून तो वाईट घेतो. आणि ती कोठीत पडून खराब होते, किंवा पडून राहू नये म्हणून न पाडायची झाडेही पाडली जातात. हे दुसरे मला जास्त खटकते. उसावर सावली धरणाऱ्या बाभळीच्या बहुतेक वेळा खालच्या फांद्या छाटल्या तरी भागते. आठ-दहा जणांनी मिळून एक धंदेवाईक मशीन घ्यावी, गावातला एक समजदार पोरगा विक्रेत्याकडे शिकायला पाठवावा, आणि मशीन फक्त त्याच्याच हातात द्यावी. त्याला दिवसाची मजुरी ठरवून द्या, विमा काढा. "स्वस्त घेऊ, बिघडली तर फेकू" असे म्हणणारे आहेत. बिघडताना ती कोणाच्या हातात असेल, एवढेच त्यांनी सांगावे.

कायद्याचेही पाहा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ चा आहे. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन ही त्याच्या यादीतली झाडे आपल्या मालकीच्या वावरातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून पाडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही, पण धुऱ्यावरचे झाड दोघांचे असते. शेजाऱ्याची लेखी संमती घ्या, आणि लाकूड गाडीत भरण्याआधी वाहतुकीचे नियम वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा.

गटाने मशीन घ्यायची असेल त्यांनी आपल्या गावच्या चिटबॉयकडे नावे द्यावीत. पाच गट झाले तर विक्रेत्यालाच आपल्या गट कार्यालयाच्या आवारात बोलावू, आणि प्रत्येक मशीन तिथे वाळलेल्या बाभळीच्या ओंडक्यावर चालवून दाखवायला सांगू. ओंडका माझ्याकडे आहे.