कॅमेऱ्याला विमा, पोराला हमीपत्र

आमचा भाग वाईकडचा. २००४ साली आलेल्या 'स्वदेस'चे चित्रण जवळच्या मेणवलीत झाले, तेव्हापासून सिनेमावाले दिसले म्हणून इथे कुणी हातातले काम टाकून धावत नाही. मीही धावलो नसतो. पण गेल्या वैशाखात एका पडक्या वाड्याच्या कौलांवर चढलेला पोरगा माझा जुना विद्यार्थी होता.

शहरातल्या एका चित्रपट-संस्थेत तो शिकतो. संस्थेचे नाव घेत नाही. परीक्षेसाठी पंधरा मिनिटांचा चित्रपट करायचा म्हणून तो सहा सवंगडी घेऊन आला होता. कॅमेरा भाड्याचा. मालकाने त्याचा विमा उतरवलेला, शिवाय मोडतोडीबद्दल पोरांकडून अनामत घेतलेली. आणि पोरांचे काय? त्यांच्या आईबापांकडून संस्थेने मुद्रांकावर हमीपत्र लिहून घेतले होते : चित्रणात इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही!

तिसऱ्या दिवशी कुजका वासा मोडला. पोरगा कॅमेरा छातीशी धरून खाली आला. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात त्याचा पहिला फोन मीच घेतला. पलीकडून विचारणा झाली, "कॅमेरा बरा आहे ना?"

बरा होता.

मी कायदा शिकलेलो नाही. दहावीनंतर चित्रकलेची परीक्षा देऊन मास्तर झालो, आणि रिकाम्या वेळी कादंबऱ्या लिहितो. तरी त्या महिन्यात विम्याचे जेवढे कागद वाचले तेवढे जन्मात वाचले नव्हते. भरपाईचा कायदा कामावर जखमी झालेल्याला मालकाकडून पैसे देववितो. पण विद्यार्थी कुणाचा नोकर? तो तर उलट फी भरून राबतो. विमा कंपन्या चित्रपटाचा विमा उतरवतात, पण त्याला निर्माता लागतो. आमच्या पोराचा निर्माता म्हणजे त्याची आई. तिने बांगड्या मोडल्या होत्या. राहता राहिली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये त्याच्या खात्यातून कापले जात होते, हे पाहून मला कोण आनंद झाला! पण ती योजना मृत्यू आल्यास किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा पाय गेल्यास २ लाख देते. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. हाड नुसते मोडले तर छदाम नाही. म्हणजे पोरगा पुरेसा जखमी झाला नव्हता.

एक वयस्क कलावंत मला म्हणाले, "गुरुजी, आमच्या वेळी कुठे होते हे विमे?" नव्हते, खरे आहे. १९८२ साली बेंगळूरला 'कुली'च्या चित्रणात अमिताभ बच्चन जखमी झाले, तेव्हा देशभर लोकांनी नवस बोलले. आमच्या पोरासाठी नवस बोलायला एकटी आई.

लॉस एंजेलिसला रस्त्यावर चित्रण करायचे तर आधी १० लाख डॉलरच्या दायित्व-विम्याचा दाखला द्यावा लागतो. तिथल्या मोठ्या विद्यालयांत विद्यार्थ्यांच्या मंजूर चित्रणावर विद्यालयाच्याच विम्याचे छत्र असते. तो विमा मुख्यतः दुसऱ्याच्या नुकसानीचा, आणि त्यातही खाचाखोचा पुष्कळ. पण त्या कागदावर नाव विद्यालयाचे असते, आईचे नसते.

आमचे संस्थाचालक म्हणतात, विमा काढला तर फी वाढेल. अहो, वाढवा की! दरवर्षी वाढवता, तेव्हा कारण सांगता काय? साऱ्या वर्गाचा एकत्र अपघात-विमा मिळतो, त्याला दवाखान्याचा खर्च जोडून घेता येतो. दिवे धरायला बोलावलेली गावची पोरेही त्यात घ्या. ती तर हमीपत्रातसुद्धा नव्हती.

गणपतीनंतर माझीच आणखी एक विद्यार्थिनी त्याच संस्थेत लागली. तिचे वडील हमीपत्र घेऊन साक्षीदाराच्या सहीसाठी माझ्याकडे आले. मी सही केली नाही. दोघांनी बसून संस्थेला पत्र लिहिले : विम्याचा कागद पाठवा, मग हमीपत्राचे पाहू. पत्र पोहोचल्याची पावती आली आहे. उत्तर यायचे आहे.