समीकरणांचें मुद्रण आणि आपलें कर्तव्य

गतवर्षीं एका सराव-परीक्षेच्या छापील प्रश्नपत्रिकेंत लहानसा घोटाळा झाला. प्रश्नकर्त्याच्या मनांत 'दोनाचा घन अधिक एक' असें होतें. छापून आलें तें '२३ + १'. शिरोभागीं बसावयाचा तिनाचा अंक खालीं ओळींत उतरला आणि नवाचे चोवीस झाले. कांहीं विद्यार्थ्यांनीं चोवीस लिहिले, कांहींनीं तर्कानें नऊ लिहिले, आणि गुण देतांना परीक्षकांची मात्र तारांबळ उडाली. वर्गांत हंशा पिकला व गोष्ट तेथेंच संपली. परंतु हा प्रमाद कोणाच्या अज्ञानामुळें झाला नव्हता. वर्डमध्यें शुद्ध लिहिलेला मजकूर छपाईच्या आज्ञावलींत नेतांना तो घडला. असले प्रमाद आपण हंसण्यावारी नेतों. तसे ते नेऊं नयेत असें मला वाटतें, म्हणून हा लेख.

गणिताचें पुस्तक छापणें हें पूर्वींपासूनच जुळाऱ्याच्या कसोटीचें काम. शब्द एका ओळींत सरळ चालतात. समीकरण वर चढतें, खालीं उतरतें, रेघेच्या दोन्ही अंगांस पसरतें. शिशाच्या खिळ्यांचें युग सरूं लागलें तरी ही अडचण सरली नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेंतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ ह्यांनीं आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहिलीं. नव्या प्रकाशमुद्रणाच्या यंत्रावर केलेली ती जुळणी त्यांस इतकी कुरूप वाटली कीं, त्यांनीं स्वतःच 'टेक्' नांवाची जुळणीची पद्धति निर्माण करण्याचें काम हातीं घेतलें. पुढें लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनीं तिच्यावर 'लाटेक्' उभारिलें. ह्या पद्धतींत लेखक समीकरणाचें चित्र काढीत नाहीं. हा अंश, हा छेद, हा घातांक, असें प्रत्येक भागाचें नांव घेऊन तो सांगतो, आणि मांडणी यंत्र करितें. अशा खुणांच्या भाषेस 'मार्कअप' म्हणतात. १९९८ सालीं वेबवरील गणितासाठीं 'मॅथ्-एम्-एल्' ही तशीच खुणांची भाषा प्रमाण म्हणून मान्य झाली.

आपल्यापैकीं बहुतेकजण वर्डमध्यें लिहितात. तेथें तर नुसतें चित्रच असणार, असा पुष्कळांचा समज आहे; परंतु तो खरा नाहीं. २००७ च्या आवृत्तीपासून वर्डचा दस्तऐवज म्हणजे एक झिप केलेलें गाठोडें असतें. तें सोडून पाहिलें तर आंतील समीकरणांतही अंश, छेद, पाया व घातांक वेगवेगळ्या खुणांनीं नोंदलेले आढळतात. ह्या खुणा वर्डच्या स्वतःच्या असल्या तरी त्यांचें मॅथ्-एम्-एल् किंवा लाटेक् करतां येतें. 'पॅनडॉक्' सारखी विनामूल्य आज्ञावली हें काम क्षणार्धांत करिते. मग घोडें पेंड खातें तें कोठें?

तें खातें आपल्या लिहिण्याच्या संवयींत. समीकरणासाठीं वर्डमध्यें स्वतंत्र सोय असतां आपण नुसता अंक निवडून तो बारीक करून वर चढवितों. डोळ्यांस तो घातांक दिसतो; यंत्राच्या दृष्टीनें तो केवळ वर सरकविलेला अंक असतो. सजावट गळून पडली कीं तो मुकाट्यानें खालीं येतो. आमच्या प्रश्नपत्रिकेंत हेंच घडलें. दुसरा धोका ह्याहून भयंकर आहे. जुन्या लिखाणांत ग्रीक अक्षरें 'सिम्बॉल' नामक टंकानें उमटविलेलीं असत. तेथें इंग्रजी 'एम्' टंकिलें कीं पडद्यावर ग्रीक 'म्यू' दिसे. टंक बदलला कीं मूळचें 'एम्' उघडें पडतें, आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो! औषधाच्या मात्रेंत ही चूक हजारपटीची होय. जुन्या मराठी टंकांत लिहिलेलें पत्र दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर अगम्य अक्षरांची जी खिचडी दिसते, ती ज्यांनीं अनुभविली आहे त्यांस हें सहज पटेल. मात्र ती खिचडी निदान चटकन ओळखूं तरी येते. 'मिलिग्रॅम' हा शब्द सरळ खरा वाटतो. तिसरा प्रकार जुन्या समीकरण-संपादकाचा. त्यांत सुरक्षिततेचा दोष आढळल्यामुळें जानेवारी २०१८ मध्यें तो वर्डमधून काढून टाकण्यांत आला. त्यांतून लिहिलेलीं समीकरणें आजही दिसतात, परंतु तीं त्याच संपादकांत उघडून दुरुस्त करतां येत नाहींत. आणि शेवटचा प्रकार म्हणजे समीकरणाचें छायाचित्रच चिकटविणें. त्यांत तर खुणांचा मागमूसही नसतो.

येथें कोणी म्हणेल, "कागदावर शुद्ध उमटलें म्हणजे झालें, एवढी उठाठेव कशास?" कागदापुरतें हें म्हणणें खरें आहे, आणि लहान छापखान्यांवर श्रमाचा भार पडतो हेंही मला मान्य आहे. परंतु आजचा वाचक केवळ कागदावर वाचीत नाहीं. आणि प्रत्येक वाचक डोळ्यांनीं वाचतो असेंही नाहीं.

अंध विद्यार्थी संगणकावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साह्यानें शिकतो. समीकरणाचें चित्र आलें कीं ती 'चित्र' एवढेंच म्हणते व पुढें जाते. 'अ अधिक ब भागिले क' असें कोणी बोलून दाखविलें तरी काम भागत नाहीं. अ सहा, ब चार आणि क दोन असल्यास ह्या एकाच उच्चाराचीं दोन उत्तरें संभवतात. रेघ दोन्ही पदांखालीं असेल तर पांच, केवळ ब खालीं असेल तर आठ. डोळस मुलास रेघेची लांबी उत्तर सांगते. अंध मुलास तें सांगण्यास खुणाच हव्यात.

ह्या कामीं एका पुणेकराचें ऋण जगावर आहे. टी. व्ही. रामन ह्यांचा जन्म पुण्याचा. काचबिंदूमुळें चौदाव्या वर्षीं त्यांची दृष्टि गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयांत गणित शिकून, पुढें मुंबईच्या आय्. आय्. टी.मध्यें अध्ययन करून ते अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत गेले. १९९४ सालीं पूर्ण केलेल्या प्रबंधासाठीं त्यांनीं लाटेक्मधील गणित मोठ्यानें वाचणारी आज्ञावली रचिली आणि तिला आपल्या वाटाड्या कुत्रीचें, 'ॲस्टर' हें नांव दिलें. घातांक आला कीं तिचा स्वर उंच होई. हें तिला साधलें, कारण मूळ लिखाणांत घातांकास घातांक म्हटलेलें होतें. तेथें चित्र असतें तर रामन ह्यांची बुद्धिही निरुपाय झाली असती.

तथापि केवळ यंत्रावर विसंबणें हाही प्रमादच होय. साइनच्या शिरोभागीं 'उणे एक' लिहिलें तर तो साइनचा व्यस्त नव्हे, व्यस्त फल आहे, हें दहावीपुढील विद्यार्थी जाणतो. रूपांतर करणारी आज्ञावली जाणतेच असें नाहीं. ती आकार नेते, अर्थ नेण्याची हमी देत नाहीं. म्हणून रूपांतरानंतर मूळ प्रत व नवी प्रत समोरासमोर ठेवून गणित जाणणाऱ्यानें एक एक समीकरण ताडून पाहिलेंच पाहिजे.

माझी सूचना साधी आहे. शाळेंत सुवाच्य अक्षराचा आग्रह धरितात, तसाच समीकरण योग्य रीतीनें टंकण्याचाही धरावा. समीकरणाच्या सोयीनेंच समीकरण लिहावें. चित्र चिकटवूं नये. आणि पुढील वर्षीं ह्या अंकांत गणितावर लेख आला तर त्याचें मुद्रित वर्गांतील दोन विद्यार्थ्यांनीं मोठ्यानें वाचून तपासावें. 'आपला शेजारी कोण?' हा प्रश्न आमच्या प्रार्थनासभेंत अनेकदां निघतो. आपलें लिखाण डोळ्यांवांचून वाचणारा, कदाचित् आपणांस कधींही न भेटणारा विद्यार्थी हाही आपला शेजारीच आहे. त्याच्यासाठीं आपणांस आपली एक संवय तेवढी बदलावी लागेल.