टिपणवहीची परीक्षा

माणदेशावरील प्रबंधांत ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी आधारग्रंथ म्हणून हटकून येते. दुष्काळ, धनगरांचे स्थलांतर यांविषयी विधान करावयाचे आणि तळटीपेत कादंबरीचा पृष्ठांक द्यावयाचा; एवढ्याने संदर्भाचे कर्तव्य संपले, असे अभ्यासक मानतो आणि परीक्षकही बहुधा तेच मानतात. पृष्ठांक अचूक असतो. पण ते वाक्य तरुण मास्तर या निवेदकाचे आहे, व्यंकटेश माडगूळकरांची साक्ष नव्हे, ही नोंद टिपणातच नसते. मग ती प्रबंधात कोठून येणार?

अवतरण कोठे संपले व स्वतःचा अभिप्राय कोठे सुरू झाला, कोणती आवृत्ती पाहिली, मजकूर मूळ ग्रंथातला की दुसऱ्याच्या लेखातून उचललेला, हे त्याच क्षणी लिहिले नाही, तर दोन वर्षांनी खुद्द अभ्यासकालाही ते सांगता येत नाही. मूल्यमापन मात्र होते ते अखेरच्या संदर्भसूचीचे. सूचीतील ग्रंथ मोजले जातात. त्यांतील किती उघडले गेले, हे कोणी विचारीत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनंतर वाङ्मयचौर्याच्या यांत्रिक तपासणीला महत्त्व आले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे अभ्यासकांना मुखोद्गत असते. यंत्र शब्दांची उचल दाखवील. साधनाची पारख ते करीत नाही.

ही पारख किती नाजूक असते, हे आटपाडीच्या परिसरात दिसते. शंकरराव खरात आटपाडीचे, माडगूळकर जवळच्याच माडगुळ्याचे. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) यांचा मुलूख एक. परंतु एक व्यक्तिचित्रांचा संग्रह, दुसरे आत्मकथन. शिवाय ब्राह्मण घरातून दिसणारे गाव आणि तराळकी वाट्याला आलेल्या महार कुटुंबातून दिसणारे गाव एक नव्हे. दोहोंतील वाक्ये एकाखाली एक मांडून वर ‘माणदेशी जीवन’ असा मथळा देणारे टिपण, पृष्ठांक बिनचूक असूनही, निरुपयोगी ठरते.

दहिवडी किंवा आटपाडीच्या विद्यार्थ्याला एखादे दुर्मीळ पुस्तक पाहण्यासाठी कोल्हापूर-पुणे गाठावे लागते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ‘मूळ ग्रंथ पाहिला नाही; अमक्याच्या लेखावरून’ अशी प्रामाणिक नोंद करणाऱ्याचे गुण कापणे अन्यायाचे आहे. आज तेच घडते, आणि विद्यार्थी न पाहिलेला ग्रंथ पाहिल्याचे लिहावयास शिकतो. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी टिपणवही मागवावी, तीतील कोणतीही पाच टिपणे काढावीत आणि प्रत्येकाविषयी एवढेच विचारावे : हे कोण सांगतो, कोठून सांगतो, आणि तुम्ही ते कोठे वाचले?