टाके घालण्याआधी मोजणी

आमच्या लोणी काळभोरचा पेशंट ऑपरेशनसाठी हडपसरला किंवा पुण्याला निघाला, की घरचे हमखास विचारतात, ‘‘डॉक्टर, सर्जनचा हात चांगला आहे ना?’’ प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. चांगल्या हातूनही चूक होते.

जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप आला, पोट दुखू लागले. सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत मॉप, म्हणजे रक्त टिपण्याचे कापड, सापडले. २४ जुलैला ती दगावली. पती आणि मुले न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरून ३६ हजार रुपयांची भरपाई कायम केली, ती १९९६ मध्ये! तोवर तेहतीस वर्षे उलटली होती.

रक्ताने भिजलेले कापड आतड्यांत चटकन ओळखू येत नाही. म्हणून नजरेवर विसंबून चालत नाही, मोजावेच लागते. सुरुवातीला, पोट शिवण्याआधी आणि शेवटी मोठ्याने मोजणी करायची, ती लिहून ठेवायची. हिशेब जुळला नाही तर शोधायचे, एक्स-रे काढायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अशी तपासयादीच दिली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी ती वाचायची. दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. खर्च म्हणाल, तर एक कागद आणि दोन-चार मिनिटे.

मीही चुकलो आहे. हर्नियाच्या एका पेशंटला दिलेल्या चिठ्ठीत डावी-उजवी बाजू लिहायची राहिली. तिथल्या सिस्टरने पेशंटलाच विचारले, म्हणून निभावले. तेव्हापासून चिठ्ठी देण्याआधी मी ती पेशंटला वाचून दाखवतो.

वाचकहो, तुम्हीही एवढे करा. थिएटरमध्ये जाण्याआधी आपले नाव आणि ऑपरेशनची बाजू स्वतः सांगा. चालू गोळ्या आणि न सोसणारी औषधे कागदावर लिहून न्या. ‘‘मोजणीची नोंद होते ना?’’ असे नम्रपणे विचारा. घरी आल्यावर ताप आला किंवा पोटदुखी वाढत गेली, तर अंगावर काढू नका. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांना लगेच दाखवा.

या प्रश्नांनी रागावणाऱ्या डॉक्टरमंडळींना माझे एवढेच सांगणे आहे, की पेशंटने विचारले म्हणून आपला मान कमी होत नाही. न मोजता शिवलेल्या पोटाने मात्र एखादे घर उघड्यावर पडते.