विमान बांधायचे, तर वाचायचे काय?

बिबवेवाडीतील आयटीआयच्या एका मुलाने आम्हांस विचारले, घरी विमान बांधण्याची पुस्तके कोणती? वाचकहो, हसू नका. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची २०१७ साली सरकारी नोंदणी झाली.

प्रथम अमेरिकन विमान खात्याचा 'एसी ४३.१३-१बी' हा जाड ग्रंथ घ्यावा. इंटरनेटवर फुकट मिळतो. लाकूड, कापड, वेल्डिंग, रिव्हेट, वायरिंग, गंज, सारे त्यात आहे. म्हणजे आपल्या फॅब्रिकेशनवाल्या बापमाणसांच्या ओळखीचेच! मात्र ग्रिलचा जोड विमानाला चालत नाही, हे त्यातूनच कळेल. इंजिन बसविण्यासाठी टोनी बिंगेलिस यांचे 'फायरवॉल फॉरवर्ड' पाहावे. इंग्रजी अडते, म्हणून शब्दकोश जवळ ठेवून रोज एकच पान वाचावे. आपल्या डीजीसीएचे नियम मात्र पत्रा कापण्याआधीच वाचावेत.