सॅली आत्याबाईंची जत्रा

इंग्रजी वर्तमानपत्रें वाचूं लागल्यापासून एक बाई आम्हांस मधून मधून भेटत असे. कोणा मंत्र्यावर चोहोंकडून टीकेचा भडिमार झाला, कीं ‘बिचाऱ्याची आँट सॅली झाली’ असें लेखक लिही. ही सॅली कोणाची कोण, हें शोधण्याचे कष्ट आम्हीं पुष्कळ वर्षें घेतले नाहींत. कोठल्या तरी कादंबरींतील सोशीक आत्या असावी, असा ग्रह करून घेऊन आम्ही पुढें वाचीत असूं. (आत्या कीं मावशी, हाहि प्रश्नच, इंग्रजी भाषेस त्या भेदाची गरज भासलेली नाहीं.) गेल्या महिन्यांत कोश उघडण्याचा प्रसंग आला तेव्हां कळलें कीं, ही बाई हाडामांसाची कधींच नव्हती. ती एका खेळांतली बाहुली. आणि तिच्यावर दंडुके फेंकण्याच्या चढाओढी ऑक्सफर्डच्या आसपास अद्यापि दर उन्हाळ्यांत होत असतात.

ऑक्सफर्डच्या वायव्येस एव्हनलोड ह्या चिमुकल्या नदीच्या खोऱ्यांत चार्लबरी नांवाचें छोटेसें गांव आहे. तेथें उन्हाळ्यांत बीअरची जत्रा भरते, आणि २०११ सालापासून त्या जत्रेंतच ह्या खेळाचें एकेरी जागतिक अजिंक्यपद लढविलें जाऊं लागलें. ‘जागतिक’ हा शब्द वाचून दचकूं नये. हा खेळ मुख्यतः ऑक्सफर्ड परगण्यांत आणि त्याच्या शिवेला लागलेल्या चार-पांच परगण्यांत खेळला जातो. त्यापलीकडील इंग्रजास तो पुरता ठाऊकहि नसतो. सदाशिव, नारायण व शनिवार ह्या तीन पेठांतील मंडळी जमवून ‘अखिल महाराष्ट्रीय’ परिषद भरविणाऱ्या आम्हां पुणेकरांस त्यांना हंसण्याचा अधिकार नाहीं.

खेळाची मांडणी अशी. जमिनींत एक लोखंडी दांडा रोवलेला असतो. त्याच्या टोंकाशीं एक फिरता आडवा भाग असतो आणि त्यावर पांढरी रंगविलेली लांकडी ‘डॉली’ उभी करतात. डॉली म्हणजे बाहुली. पण तिला नाक-डोळे कांहीं नाहींत. सहा इंच उंचीचा व पावणेतीन इंच व्यासाचा तो नुसता एक ठोकळा. खेळाडू तीस फुटांवर उभा राहतो आणि एकामागून एक सहा दंडुके फेंकतो. दंडुका दीड फूट लांब व दोन इंच जाड, म्हणजे आपल्या विटी-दांडूंतील दांडूहून आंखूड, पण चांगला भरदार. हात खांद्यावरून फिरवावयाचा नाहीं, खालूनच फेंकावयाचें. खरी मेख पुढेंच आहे. दंडुका आधीं लोखंडास लागला आणि मग डॉली पडली, तर तो टोला धरीत नाहींत. डॉली उडाली पाहिजे ती नेमकी, स्वच्छ, लोखंडास धक्का न लावतां. लांकडावर लांकूड बसलें कीं कोरडा आवाज होतो, लोखंडावर बसलें कीं खणकन् नाद उठतो. तेव्हां निवाडा करणाऱ्याचे डोळे आणि कान दोन्ही शाबूत हवेत. संघांच्या सामन्यांत एका बाजूस आठ जण असतात, म्हणजे एका डावांत फार तर अठ्ठेचाळीस गुण. आणि असे तीन डाव. ज्याचे साहीच्या साही दंडुके वायां गेले, त्याच्या नांवावर ‘ब्लॉब’ लागतो. आपण त्यालाच भोपळा म्हणतों.

येथवर वाचून एकाद्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडली असेल. मद्याची जत्रा आणि मद्यगृहाच्या परसांतील खेळ, ह्यांची वार्ता आमच्या ओटीवर कशाला? शंका रास्त आहे, आणि मद्याची वकिली करण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. परंतु इंग्रजी खेड्यांतील मद्यगृह आणि आपल्याकडील गुत्ता ह्यांस एकाच मापानें मोजणें बरें नव्हे. तेथें चावडी, पार आणि धर्मशाळेची ओसरी हीं तिन्ही त्या एका छपराखालीं नांदत आलीं आहेत. मागील हिरवळीवर उन्हाळ्याच्या लांबलेल्या संध्याकाळीं हा खेळ चालतो, स्त्रियाहि खेळतात. आत्याबाईस झोडपण्यांत भाच्याच पुढें, असें कोणी म्हणेल तर म्हणो.

आम्हांस ह्या खेळाचें खरें कौतुक वाटलें तें त्याच्या कुळकथेमुळें. कोणी म्हणतात, पहिला चार्ल्स राजा १६४२ ते १६४६ ह्या काळांत ऑक्सफर्ड येथें तळ देऊन होता, तेव्हां त्याच्या शिपायांनीं हा खेळ आणला. ही झाली दंतकथा. अभ्यासकांपैकीं कित्येक मात्र त्याचें मूळ एका क्रूर प्रघातांत पाहतात. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारीं इंग्लंडांत जिवंत कोंबडा खुंटास बांधीत आणि तो मरेपर्यंत त्यावर दंडुके फेंकीत. मुलेंहि ह्यांत असत. १६६० सालीं ब्रिस्टल शहरांत अधिकाऱ्यांनीं ह्यास मनाई केली, तों उमेदवार कारागिरांच्या पोरांनीं दंगा उसळविला. १७५१ सालीं हॉगार्थ ह्या चित्रकारानें क्रौर्याच्या चार पायऱ्यांचीं चित्रें काढलीं. त्यांतील पहिल्याच चित्रांत हा कोंबडा आहे, आणि शेवटची पायरी कोठें जाते तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस सांगणें नलगे. पुढें लोकमत पालटलें, न्यायाधिकारी कडक झाले, आणि प्रघात ओसरला. पण मुलांच्या हातांत दंडुका राहिलाच होता. त्यांच्यासाठीं शिशाचे लहानगे कोंबडे निघाले. त्या मुक्या जिवाची सुटका मनाईच्या हुकुमानें जितकी केली, तितकीच ह्या शिशाच्या कोंबड्यानेंहि केली, असें आमचें मत आहे. हात रिकामा ठेवून कोणाचीहि खोड सुटत नाहीं. हें घरांत मुलें असणारास वेगळें सांगावयास नको.

तथापि कोंबडा सुटला म्हणून दुष्टपणा निमाला असें नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जत्रांतून व घोड्यांच्या शर्यतींतून एक नवी मूर्ति उभी राहिली : तोंडांत मातीची चिलीम धरलेली म्हातारी. तिची चिलीम फोडावयाची आणि हंसावयाचें. हीच आँट सॅली. तिचें तोंड पुष्कळदां काळें रंगविलेलें असे, आणि तें कोणास हिणविण्यासाठीं, हें काळ्या वर्णाच्या आपणां वाचकांस उलगडून सांगण्याची आवश्यकता नाहीं. जिवाला इजा नव्हती; पण म्हातारपण, बाईपण आणि वर्ण ह्या तिहींची चेष्टा एका लांकडी मस्तकावर उतरली होती. (त्याच जत्रांत नारळ मांडून त्यांवर चेंडू फेंकण्याचा खेळहि निघाला, आणि पाडील त्यास नारळ मिळूं लागला. कोंकणांतल्या आमच्या वाचकांस हा सौदा फार स्वस्त वाटेल.)

ऑक्सफर्डच्या खेळांत त्या म्हातारीचें आज कांहींएक उरलेलें नाहीं. चिलीम गेली, तोंड गेलें, रंग गेला. राहिला तो पांढरा ठोकळा आणि नांव. तें नांवहि बदलावें काय? आम्हांस विचाराल तर राहूं द्यावें. मूळ काय होतें ह्याची आठवण तेवढ्या एका शब्दांतच शिल्लक आहे, आणि ती पुसल्यानें कोणाचें भलें होईल असें दिसत नाहीं.

धोका आहे तो निराळाच. गेल्या कांहीं दशकांत इंग्लंडांतील मद्यगृहें हजारोंनीं बंद पडलीं. मद्य कमी झालें तर आनंदच आहे; पण इमारतीबरोबर मागची हिरवळहि जाते, तेथें मोटारी उभ्या राहतात किंवा घरें उठतात. ह्या खेळास तीस फूट मोकळी जागा लागते, आणि ती दिवाणखान्यांत नेतां येत नाहीं. अशा स्थितींत चार्लबरीसारख्या गांवानें आपल्या जत्रेंत त्यास मानाचें पान वाढलें, ही गोष्ट आम्हांस त्या ‘जागतिक’ विशेषणाहून मोठी वाटते.

हें सर्व लिहून होतांच घरांतील मुलांनीं प्रयोगाचा हट्ट धरला. परसांत तीस फूट मोजले, तिवईवर खलबत्त्यांतला बत्ता उभा केला, आणि जळणांतले सहा सारखे दंडुके निवडले. प्रथम आम्हीं फेंकले. एक आळवाच्या वाफ्यांत गेला, एक न्हाणीच्या पत्र्यावर. बाकीच्यांचें न विचारलेलें बरें. मुलांनीं ‘ब्लॉब, ब्लॉब’ म्हणून टाळ्या पिटल्या. आमच्या अक्का, मुलांच्या आत्या, ओट्यावर तांदूळ निवडीत होत्या. ‘‘अरे, बत्ता पितळेचा आहे, चेपेल,’’ म्हणून त्या उठल्या, आणि बत्ता उचलून नेण्याऐवजीं मुलाच्या हातचा दंडुका त्यांनीं घेतला. पहिला चुकला, दुसरा तिवईस लागला, तिसऱ्यानें बत्ता उडून तुळशीच्या पलीकडे पडला. ‘‘आत्या, अजून तीन आहेत!’’ मुलें ओरडलीं. पण देवापाशीं वात लावावयाची वेळ झाली होती, म्हणून अक्का पदर सांवरीत आंत गेल्या.