सिस्टरची केटी कोण घेणार?

मंडळी, या शनिवारी कोडबिड काही नाही. डोकं फिरलंय.

आम्ही दिघ्याचे. गेल्या महिन्यात बाबा जवळच्याच एका सरकारी हॉस्पिटलात होते (नाव नको). दिवसा ऐरोलीत ऑफिस, रात्री बाबांच्या खाटेशेजारी स्टूल. पहाटे तीनला बाबांना दरदरून घाम सुटला. कंत्राटावर नुकतीच लागलेली सिस्टर गोंधळली. तेवढ्यात मोठ्या सिस्टर गुडघा धरत आल्या, कपाळाला हात लावला. "आधी शुगर बघ गं, उतरली असणार." मशीनवर ४८!

त्या दोन महिन्यांनी रिटायर होतायत. वय ५८.

"मग तुमच्या जागी कोण?" मी विचारलं.

"आधीच्या चौघींच्या जागी कोण आलं, ते विचार बाळा."

आता आपलं बघा. टीममधला एक सीनियर सोडून गेला तर ९० दिवसांचा नोटीस पिरियड, केटी, डॉक्युमेंट्स, मॅनेजरची झोप हराम! आणि इथे ३४ वर्षांचा अनुभव निघतो शाल-श्रीफळ आणि ग्रुप फोटो घेऊन. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष साध्या वॉर्डातसुद्धा पाच पेशंटमागे एक नर्स मागतात. त्या रात्री चाळीसेक पेशंटना दोघी होत्या. त्यातली एक आता जाणार.

"हल्लीच्या पोरींना इथे राहायचंच नसतं," असं लोक म्हणतात. का राहावं? अकरा महिन्यांच्या कंत्राटावर? मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी नर्सेस याच कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा आपण फक्त 'पेशंटचे हाल' एवढंच वाचलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गला कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार आपल्याच सरकारने केला, त्यात नर्सेसही आल्या. जावं त्यांनी, जरूर जावं. आपण नाही का ऑनसाइटसाठी धडपडत? पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या अहवालात सांगितलंय की जगातल्या दर सहा नर्सेसपैकी एक दहा वर्षांत निवृत्तीला येणार. म्हणजे बाहेरून बोलावणं वाढतच जाणार. इथल्या जुन्या रिटायर, तरुण परदेशात. मग वॉर्डात कोण, रोबो?

"आपल्याला काय, मेडिक्लेम आहे!" असं म्हणणारे मित्रही आहेत. अरे बाबांनो, मेडिक्लेम खाटेचे पैसे देतो. पहाटे तीनला नुसत्या हाताने ओळखणारी माणसं तो कुठून आणणार?

मागणी साधी आहे. कोण कधी रिटायर होणार ही तारीख सरकारकडे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असते. सहा महिने आधी ती जागा कायमस्वरूपी भरा, दोघींना एकाच वॉर्डात ठेवा. बस्स. मत मागायला दारात येणाऱ्याला गटार-पाण्याबरोबर हेही विचारा.

डिस्चार्जच्या दिवशी बघितलं, ती नवी सिस्टर मोठ्या सिस्टरांचं बोलणं एका शंभर पानी वहीत उतरवून घेत होती. कोणी सांगितलं नव्हतं तिला. तिचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय.

असो. बाबा आता बरे आहेत.